साडेपाचे

आमच्या थोरल्या साडूंचं खरं आडनाव वेगळं आहे, आणि चांगलं आहे. पण सासरच्या गोतावळ्यात, ते समोर नसताना, सगळे त्यांना साडेपाचे म्हणतात. सातपुते, नवरे, सहस्रबुद्धे ही आडनावं ज्या भाषेत बिनबोभाट खपून जातात, तिथे साडेपाचे कुणाच्या कानाला खटकणार? आमच्या कन्येने तर सहावीत असताना वंशवृक्षाच्या प्रकल्पात ‘मावशीचे यजमान : श्री. साडेपाचे’ असं शाईने लिहून दिलं होतं. बाईंनी त्यावर बरोबरची खूण करून ‘अक्षर सुधार’ एवढाच शेरा मारला.

नाव घड्याळावरून पडलं हे सांगायला नकोच. जगातलं कुठलंही काम पहाटे साडेपाचला सुरू केलं की निम्म्या कष्टात होतं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. सिंहगड साडेपाचला चढायचा. महाबळेश्वरला सूर्य बघायला जायचं तर सूर्याच्या आधी पोचायचं, म्हणजे सूर्याला आपण दिसतो. एका भाचीचा साखरपुडा दुपारी चारचा होता, त्या दिवशीसुद्धा हे साडेपाचला उठून, अंघोळ करून, झब्बा घालून तयार होते. पुढचे दहा तास घडी मोडू नये म्हणून बसले नाहीत. दुपारच्या पंगतीतही भिंतीला टेकून जेवले.

तुमच्याही कुटुंबात, सोसायटीत, नाहीतर ट्रेकच्या ग्रुपमध्ये एक साडेपाचे असणार. ओळखायचा कसा? आदल्या रात्री त्याचे बूट दाराकडे तोंड करून ठेवलेले असतात. त्याची बॅग भरून, चेन लावून, तिला कुलूप घालून झालेलं असतं आणि मग टूथब्रश आत राहिला म्हणून ती पुन्हा उघडलेली असते. त्याला दोनच वाक्यं येतात. पहिलं, ‘नंतर फार गर्दी होते.’ दुसरं, ‘आत्ता निघालो तर पोचू.’ यातलं पहिलं तो रात्री म्हणतो, दुसरं पहाटे. आणि पोचल्यावर दार बंद असलं की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते इतरांच्या चेहऱ्यावर दार उघडल्यावरही येत नाही.

आमचे साडेपाचे असे का झाले, याचं उत्तर डोंबिवलीत आहे. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला जागा मिळत नसते, मिळवावी लागते, हे दुधाचे दात पडायच्या आत कळतं. सकाळची मुंबईकडे जाणारी लोकल डोंबिवलीला येते तीच कल्याणहून भरून. म्हणून जाणते लोक आधी उलट्या दिशेच्या गाडीत बसून कल्याणला जातात. तीच गाडी तिथून मुंबईला फिरते आणि हे बसल्या जागी बसून राहतात. याला ‘डाऊन करणे’ म्हणतात. साडेपाच्यांनी नोकरीची पहिली नऊ वर्षं डाऊन करून काढली. मग ते न्यू जर्सीला, एडिसनला गेले. तिथे त्यांना स्वतःची गाडी मिळाली, गाडीत कायमची जागा मिळाली, आणि जागा धरायला काहीच उरलं नाही. एवढी मोठी पोकळी माणूस कशाने भरणार? त्यांनी ती सहलींनी भरली.

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून आम्ही त्यांच्याकडे गेलो. आम्ही म्हणजे मी, आमची ही, कन्या आणि सासूबाई. बेत फ्लोरिडाचा होता. ऑरलँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड.

“नोव्हेंबरचा पहिला आठवडा,” साडेपाचे फोनवर म्हणाले होते, “म्हणजे काय, माहितीय का साडूभाऊ? जर्सी वीक!”

मला वाटलं गुरांचं प्रदर्शन असेल. तसं नव्हतं. न्यू जर्सीतल्या शिक्षकांचं नोव्हेंबरात अधिवेशन असतं. त्या गुरुवारी-शुक्रवारी शाळांना सुट्टी मिळते, त्याला पुढेमागे रजा जोडून अर्धं राज्य फ्लोरिडाला धावतं. म्हणजे आम्ही बरोबर गर्दीच्या आठवड्यात जाणार होतो. दुसरा एखादा म्हणाला असता, मग पुढच्या आठवड्यात जाऊ. साडेपाच्यांचा आवाज मात्र फोनवरही उजळलेला कळत होता. गर्दीच नसेल तर लवकर जाऊन उपयोग काय?

एडिसनला पोचलो त्या रात्री, आम्ही जेवणावर डुलक्या घेत असताना, त्यांनी कार्यक्रमाचा तक्ता वाटला. प्रत्येकाला एक प्रत, प्लास्टिकच्या वेष्टनात. तक्ता लग्नाच्या मुहूर्तासारखा मागे मोजत आणलेला होता. मॅजिक किंग्डम नावाच्या मुख्य उद्यानाची वेळ नऊची. पण कंपनीच्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, म्हणजे साडेआठ. साडेआठला पळायचं तर दोरापाशी आठला उभं राहायचं. तिथे दोर लावून माणसं अडवतात आणि वेळ झाली की तो सोडतात, त्यालाच ‘रोप ड्रॉप’ म्हणतात. आठला दोर, म्हणजे साडेसातला बॅगांची तपासणी. म्हणजे सातची बस. म्हणजे साडेसहाला न्याहारी.

“आणि साडेसहाला न्याहारी म्हणजे?” त्यांनी आम्हां सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

“साडेपाच,” ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, भांडी आवरता आवरता म्हणाल्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती.

न्याहारीच्या रकान्यात ‘०६:३० ते ०६:४७’ असं लिहिलं होतं. अठ्ठेचाळीसाव्या मिनिटाला काय होणार, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

डिस्नेबद्दल त्यांना अपार आदर. मिकी माऊसमुळे नव्हे. साठच्या दशकात वॉल्ट डिस्नेने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून फ्लोरिडातली सत्तावीस हजार एकरांच्या आसपास जमीन गुपचूप घेऊन टाकली. गाजावाजा झाला असता तर भाव गगनाला भिडले असते. “याला म्हणतात लवकर जाणं!” साडेपाचे विमानात मला सांगत होते. “सत्तावीस हजार एकरांवर रुमाल टाकला राव त्या माणसाने!” मग जरा गप्प होऊन म्हणाले, “बसायला मात्र मिळालं नाही. सहासष्टच्या डिसेंबरात गेला. पार्क उघडलं एक ऑक्टोबर एकाहत्तरला.” खिडकीची जागा धरून देऊन प्लॅटफॉर्मवरच राहिलेल्या मित्राबद्दल बोलावं, तसा त्यांचा स्वर होता. ते स्वतः त्या काळी ऑरलँडोत असते, तर तीस सप्टेंबरच्या संध्याकाळीच सतरंजी घेऊन दाराशी जाऊन बसले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण पहिल्याच पहाटे त्यांच्या आयुष्याच्या कार्यावर घाला पडला. तो आमच्याकडून पडला, आणि आमचा त्यात काही दोष नव्हता.

भारतातून अमेरिकेत आलेल्या माणसाचं शरीर पहिले काही दिवस भारतातच असतं. रात्री अडीचला माझे डोळे टक्क उघडले. ऑरलँडोत अडीच म्हणजे पुण्यात दुपारचे बारा. पोटातही बारा वाजले होते. शेजारी ही जागीच होती. कन्या छताकडे बघत पडली होती. आणि सासूबाई? सासूबाईंची अंघोळ झाली होती. त्या अंधारात खुर्चीवर बसून विष्णुसहस्रनामाच्या उत्तरार्धात होत्या.

आम्ही दिवाळीचा फराळ बाहेर काढला. पहाटे पावणेतीनला, बाथरूमच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात, चौघं माणसं पलंगावर वर्तमानपत्र पसरून चिवडा खात बसलो. चिवड्यातले शेंगदाणे अंधारात हाताने शोधून खाण्यात एक वेगळी मजा असते, ती मला त्या दिवशी कळली. चकल्या मात्र फार वाजत होत्या. शेजारच्या खोलीत साडेपाचे झोपलेले, त्यांची झोप मोडू नये म्हणून आम्ही चकली तोंडात धरून आधी भिजवत होतो. सव्वातीनला शंकरपाळे झाले. साडेतीनला कन्येची वेणी घालून झाली. चारला आमच्या पायांत बूट होते. पुढचा दीड तास आम्ही पलंगाच्या काठावर ओळीने बसून होतो, एसटीची वाट बघत असल्यासारखे.

बरोबर साडेपाचला दारावर टकटक झाली. दुसऱ्या टकटकीच्या आत मी दार उघडलं.

साडेपाच्यांचा हात हवेतच राहिला. काकड आरतीला पुजारी यावा, आणि बघतो तर देवच पाणी गरम करून, न्हाऊन, उपरणं टाकून दारात उभा, असं झालं असेल त्यांचं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. सासूबाई पर्स मांडीवर घेऊन तयार. कन्येच्या पाठीला सॅक.

“तुम्ही… उठलात?”

“केव्हाच!” सासूबाई उत्साहाने म्हणाल्या. “अडीचपासून. म्हटलं, थोरल्या जावईबापूंना कशाला लवकर उठवा.”

त्यांना लवकर उठवायचं! छप्पन्न वर्षांत हे वाक्य त्यांच्याबाबतीत कुणी उच्चारलं नव्हतं. ते काही क्षण तसेच उभे राहिले, मग हळू आवाजात “चला चला, उठा, उशीर होईल” असं आपलं ठरलेलं वाक्य म्हणूनच टाकलं. पाठ केलेलं भाषण होतं, वाया कसं घालवायचं?

खाली फूड कोर्टाचं शटर बंद. बाहेर मिट्ट काळोख. त्या दिवसांत तिथे साडेसातनंतर उजाडतं. आम्ही पावणेसहाला पोचलो आणि साडेपाच्यांचा गेलेला रंग परत आला. त्यांनी शटरपासून एक हातावर उभं राहून मागे आमची रांग लावली. आमच्या मागे कुणी नव्हतं, पुढे शटर. तरी आम्ही रांगेतच होतो.

सहाला दुसरा माणूस आला. गोरा, उंच, टक्कल पडलेला. मागे एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेलं, चालता चालता झोपलेलं कुटुंब. त्याच्या हातातही कागद होता आणि कागदावर प्लास्टिकचं वेष्टन! दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एका शब्दाचं बोलणं नाही. त्याने घड्याळ बघितलं, यांनी बघितलं. मग त्याने किंचित मान लववली. कुस्तीच्या आखाड्यात दोन वस्ताद भेटावेत तसं ते दृश्य होतं. “ओहायोचा असणार,” साडेपाचे माझ्या कानाशी पुटपुटले. कशावरून ते विचारलं तर म्हणाले, “जर्सीचा असता तर माझ्या आधी आला असता.”

साडेसहाला शटर वर गेलं आणि पुढची सतरा मिनिटं काय घडलं ते मला सलग आठवत नाही. कुणी ट्रे धरला, कुणी टेबल पकडलं. साडेपाचे मधोमध उभे राहून वाहतूक पोलिसासारखे दोन्ही हातांनी आम्हाला वळवत होते. ताट आलं. त्यात मिकीच्या तोंडाचं वॉफल. एक मोठा गोल, वर कानांचे दोन लहान गोल, अंगभर चौकोनी खळगे. बाजूला बटाट्याचे तळलेले, बोटाच्या पेराएवढे तुकडे. सासूबाईंनी वॉफल काट्याने उलटंपालटं करून पाहिलं.

“धिरडं का हे?”

“तसंच काहीसं.”

“यात अंडं असतं का हो?”

असतं म्हटल्यावर त्यांनी मिकी कन्येच्या ताटात सोडला आणि पर्समधून दुधातल्या दशम्यांचा डबा काढला. बटाटे मात्र आवडले. लिंबाच्या लोणच्याच्या खाराबरोबर त्यांनी सगळ्यांच्या ताटातले संपवले. आम्ही पाकात बुडवून मिकीचे कान खात होतो. पावणेतीनच्या चिवड्यावर ते चांगले बसले.

“सहा पंचेचाळीस!” साडेपाच्यांनी पुकारा केला. “कानाच्या खालचं बसमध्ये खा.”

बसचा प्रकार आणखी न्यारा. आमच्यासारखी तीन हॉटेलं एका ओळीत होती आणि कधी कधी एकच बस तिन्हीकडे माणसं घेत जायची. आम्ही ओळीत तिसरे. साडेपाच्यांनी थांब्यावर एक नजर टाकली आणि म्हणाले, “चला, डाऊन करू.” आम्ही अंधारातून, तळ्याच्या कडेने, अर्धा मैल उलटं चालत पहिल्या हॉटेलच्या थांब्यावर गेलो आणि तिथून बसून आलो. बस आमच्याच हॉटेलपाशी आली तेव्हा ओहायोवाला सहकुटुंब दारातून आत आला, जागा नाही म्हणून दांडा धरून उभा राहिला, आणि त्याची नजर खिडकीशी बसलेल्या साडेपाच्यांवर पडली. त्या नजरेत राग नव्हता. आपल्याला हे का सुचलं नाही, एवढंच होतं. साडेपाच्यांनी या वेळी स्वतः मान लववली. डोंबिवलीचा झेंडा ऑरलँडोत रोवला गेला तो असा.

तपासणीला चकल्यांचा डबा उघडावा लागला. स्वतःपुरतं खायचं आत न्यायला तिथे परवानगी आहे, काचेचं भांडं तेवढं चालत नाही. पहारेकरणीने काटेरी वेटोळं निरखून पाहिलं, हसली, डबा बंद केला. आठला आम्ही दोराशी होतो. पुढे १८९ फुटी सिंड्रेलाचा किल्ला, त्याच्यामागून हळूहळू उजळत जाणारं आभाळ, आणि किल्ल्याच्या अलीकडे दोर. दोराला हात लावून उभे असलेले साडेपाचे. त्यांनी किल्ल्याकडे एकदाही बघितलं नाही. मागे जमणाऱ्या गर्दीकडे बघत होते. दर पाच मिनिटांनी वळून अंदाज घेत. “हजार झाले.” “दोन हजार तरी असतील.” माणूस घराच्या गच्चीवरून आपली शेती बघतो, तसे.

साडेआठला दोर सुटला. लोंढा सात बुटक्यांच्या खाणीतल्या आगगाडीकडे निघाला. पोरं पुढे, बायका मागे, मी आणि सासूबाई त्याच्या मागे. खाण गाठली, आगगाडीत बसलो, उतरलो. साडेपाचे नव्हते. दोन तासांनी एका बाकावर सापडले. “तुम्ही बसला नाहीत?” म्हटलं तर म्हणाले, “बघून झालंय माझं.” आम्ही तेवढ्यावर सोडलं.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी होती. रविवार, अ‍ॅनिमल किंग्डम. हे उद्यान सकाळी आणखी लवकर उघडतं. तक्त्याप्रमाणे मागे मोजत गेलं तर बस पकडायची वेळ सहाची आली. आणि फूड कोर्टाचं शटर साडेसहाला. म्हणजे न्याहारीच्या आधी निघायचं! शनिवारी रात्री साडेपाचे बराच वेळ तक्त्याकडे बघत बसले होते. बंद दुकानापुढे उभं राहता येतं, पण उघडणारच नाही अशा दुकानापुढे कसं उभं राहणार? शेवटी निर्णय झाला : न्याहारी खोलीत. केळी, सफरचंदं आणि दूध रात्रीच घेऊन छोट्या फ्रीजमध्ये टाकलं. माझ्या बॅगेत झटपट उपम्याची पाकिटं होतीच.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी रात्री निजताना जाहीर केली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतात. पहाटे दोन वाजले की पुन्हा एक वाजतो. “म्हणजे उद्या आपल्याला एक तास फुकट!” ते म्हणाले.

आमची ही आनंदाने म्हणाली, “अय्या, एक तास जास्त झोप!”

साडेपाचे तिच्याकडे असे बघत राहिले, जणू हिने दिवाळीचा बोनस गटारात ओतायचं ठरवलंय. “झोप?” ते म्हणाले. “फुकटचा तास झोपेत घालवायचा?”

तर त्या पहाटे आम्हाला साडेचारला उठवण्यात आलं. “शरीराला कुठे कळतंय घड्याळ बदललं ते? तुमचे साडेपाचच वाजलेत,” हे त्यांचं म्हणणं. आमच्या शरीराच्या हिशेबात दुपारचे तीन वाजले होते आणि पुण्यात ती वामकुक्षीची वेळ. कालची जाग ओसरून आज खरी झोप लागली होती. कन्या डावा-उजवा बूट उलटा घालून पुन्हा झोपली. मला हाक ऐकू येत होती पण ती कर्वे रोडवरून येत होती. एका रात्रीत सत्ता पालटली होती. साडेपाचे खोलीभर फिरून दिवे लावत होते, पांघरुणं ओढत होते, “उठा उठा, उशीर होईल!” म्हणत होते, आणि आज ते वाक्य त्यांना चार-चारदा म्हणावं लागत होतं. इतका प्रसन्न माणूस मी त्या पहाटेपूर्वी पाहिला नव्हता. सासूबाई तेवढ्या आधीच उठलेल्या होत्या. पण त्यांनी आज शहाणपण केलं. पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिल्या, आणि जावयाने तिसऱ्यांदा हाक मारल्यावर, डोळे चोळत उठल्या. केस विंचरलेले होते. मला दिसले, त्यांना नाही.

उपमा मी केला. खोलीत गरम पाण्याचं साधन एकच, कॉफीचं यंत्र. त्यातून कॉफी न घालता नुसतं पाणी काढलं, कपातल्या रव्यावर ओतलं, वर बशी ठेवली. पाच मिनिटांनी बशी काढली. मोहरी, कढीपत्ता, काजूचा एक तुकडा, आणि सगळ्याला कॉफीचा दणदणीत वास. मद्रासच्या एखाद्या हॉटेलात स्वयंपाकघर आणि कॉफीचा कोपरा यांच्या मधोमध उभं राहून उपमा खावा, तसं लागत होतं. साडेपाच्यांच्या चिरंजिवांनी दोन कप खाल्ले. एडिसनमध्ये जन्मलेला चौदा वर्षांचा मुलगा. उपमा असाच असतो असा त्याचा समज झाला असेल तर मी काही दुरुस्त केला नाही.

साडेपाचे उभ्यानेच केळी वाटत होते, पाण्याच्या बाटल्या भरत होते, सगळ्यांचे हातावरचे पट्टे तपासत होते.

बसच्या थांब्यावर आम्ही पहिले. ओहायोवाला नव्हता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साडेपाचे रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिले. “झोपला वाटतं,” ते म्हणाले. “तास फुकट मिळाला आणि झोपला.” बस आली, खिडकीची जागा मिळाली, पण चेहऱ्यावर तेज नव्हतं. समोर कुणी नसताना जिंकून काय करायचं?

दोर सुटला. इथला लोंढा ‘अवतार’ सिनेमातल्या निळ्या प्राण्यांच्या जगाकडे जातो. तिथल्या उडत्या खेळाची रांग दिवसभर हटत नाही. बहिणी-बहिणी आणि दोन्ही पोरं पळाली. पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये असा फलक आहे, आणि पाठीचं दुखणं माझ्याकडे आहे, म्हणून मी मागे राहिलो. सासूबाई पळत नाहीत. दारालगतच्या बागेत झाडाखाली एक बाक होता, तिथे आम्ही गेलो तर त्याच्या टोकाला साडेपाचे आधीच बसलेले. नुकतंच उजाडलं होतं, पक्षी ओरडत होते. समोरून शेकडो माणसं धावत होती आणि ते त्यांच्याकडे बघत होते. सगळी मागून आलेली.

“काय हो,” मी विचारलं, “तुम्ही खरंच कधी बसला आहात का यातल्या कशात?”

“एकदा. दोन हजार अकरात. चहाच्या कपात.” थोडं थांबून म्हणाले, “गरगरलं.”

मग त्यांनी तक्ता काढला. “दहाला आपण आनंदपूरला.”

“कुठे?” सासूबाई दचकल्या.

त्या उद्यानाच्या आशिया विभागात आनंदपूर नावाचं एक मनाने रचलेलं गाव आहे. तिथे महाराजाचं रान आहे, त्यात वाघ आहेत, आणि जवळपास दोनशे फुटी एव्हरेस्टही आहे, त्यावरून गाडी धावते. हे सगळं साडेपाच्यांनी समजावून सांगितलं.

“एवढं विमानाचं तिकीट काढून आनंदपूरला आलो होय आपण?” सासूबाई म्हणाल्या. आणि मग अचानक जावयाकडे नीट बघून, “तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का?”

ते विचारात पडले. मीही आठवू लागलो. उपमा वाटताना ते बाटल्या भरत होते. केळी त्यांनी वाटली, घेतलं नाही. आदल्या दिवशी सहा तीस ते सहा सत्तेचाळीस वाहतूक सांभाळत उभे. चोवीस वर्षं हा माणूस अख्ख्या खानदानाला पहाटे उठवून न्याहारीच्या रांगेत पहिलं उभं करतोय, आणि स्वतः न्याहारी केलेली कुणाला आठवत नव्हती. त्यांना स्वतःलाही नाही.

“वेळच कुठे असतो,” ते म्हणाले.

सासूबाईंनी पर्समधून डबा काढला. दशमीवर लोण्याचा गोळा नव्हता म्हणून हळहळल्या, लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली, गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. बहुतेक लोणचं लागलं असावं. समोरून एक कुटुंब घाईघाईने गेलं, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. सर्वांत मागे टक्कल पडलेला उंच माणूस, लाजेने अर्धा झालेला. साडेपाच्यांनी दशमीचा हात वर करून त्याला खूण केली. तोही थबकला, घड्याळाकडे बोट दाखवून त्याने कपाळावर हात मारला आणि पळाला.

“आला, आला,” साडेपाचे खुलले. तोंडातला घास गिळून त्यांनी तक्ता पुन्हा मांडीवर पसरला. “बरं का साडूभाऊ, दुपारच्या जेवणाची गर्दी साडेअकराला सुरू होते. म्हणजे अकराला टेबल. म्हणजे साडेदहाला—”

“आधी हातातली संपवा,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ती दोन घासांत संपवली आणि उठले.